जपानमध्ये याकितोरीचं दुपारचं जेवण: दुकान निवडण्यापासून बिल चुकतं करेपर्यंत

याकितोरी म्हणजे बांबूच्या काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे तुकडे. जपानला कामानिमित्त किंवा फिरायला गेलेली आपली मंडळी हे खायला दुपारी जातात तेव्हा नेमक्या त्याच त्या चुका करतात. पावणेदोनला पोचतात तर दारावरचा पडदा आत घेतलेला, म्हणजे दुकान बंद असतं. आत शिरकाव झालाच तर संध्याकाळसारख्या एकेक काड्या मागवायला बघतात, ज्या बहुतेक ठिकाणी दुपारी मिळत नाहीत. आणि कोंबडीचंच दुकान आहे म्हणून निर्धास्त राहतात, मग सूपमध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा लागतो. यातली एकही चूक जेवताना होत नाही, सगळ्या त्याआधी होतात. म्हणून इथे ताटापेक्षा तयारीवर जास्त लिहिलं आहे.

## टप्पा १: दुपारी नेमकं काय मिळतं ते आधी समजून घ्या

याकितोरीची बहुतेक जुनी दुकानं मुळात रात्रीची. संध्याकाळी पाच-साडेपाचला उघडायचं, बियरसोबत काड्या एकेक करून भाजून द्यायच्या, हा त्यांचा खरा धंदा. त्यातली काहीच दुकानं दुपारी उघडतात, आणि तेव्हा मेन्यू वेगळा व छोटा असतो. कधीकधी दोन-तीनच पदार्थ. ते साधारण असे:

याकितोरी-दोन. खोलगट वाडग्यात भात, त्यावर भाजलेली कोंबडी, वरून तारे. तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू), साके (तांदळाची दारू) आणि साखर आटवून केलेला घट्ट गोडसर रस.

याकितोरी-जू. जवळपास हेच, पण रोगण लावलेल्या चौकोनी डब्यात. तुकडे जास्त, मांडणी नेटकी, किंमतही थोडी वर. कोंबडी आणि भात यांच्यामध्ये कधी नोरीचे, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापडाचे, बारीक काप असतात.

तेइशोकु. ट्रेमधलं पूर्ण जेवण: चार-पाच काड्या किंवा मांडीचा एक मोठा भाजलेला तुकडा, वेगळा भात, मिसो सूप (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा), मुळा-काकडीचं लोणचं आणि एका छोट्या वाटीत कसलीतरी भाजी.

ओयाकोदोन. हा भाजका प्रकार नाही. कोंबडी रसात शिजवून त्यावर अंडं सोडतात आणि ते अर्धवट घट्ट झालं की भातावर ओततात. नाव मात्र याकितोरीच्या दुकानातल्या दुपारच्या मेन्यूत सर्रास दिसतं, आणि काही ठिकाणी दुपारी फक्त तेवढंच मिळतं. भाजलेलीच कोंबडी हवी असेल तर बाहेरचा फोटो नीट बघा: पिवळा थर दिसला की ओयाकोदोन.

साध्या दुकानात हे जेवण साधारण १००० ते १५०० येनमध्ये होतं. नावाजलेल्या दुकानात दुपारचाही ठरलेला कोर्स असतो, तो बराच महाग पडतो आणि आधी जागा राखून ठेवावी लागते. तिथे आयत्या वेळी जाऊन उपयोग नाही. राखून ठेवलेली जागा रद्द करायची असेल तर आदल्या दिवसापर्यंत कळवा, न कळवता गैरहजर राहिल्यास पैसे कापणारी दुकानं पुष्कळ आहेत.

पाटीवर 'जिदोरी' लिहिलेलं असेल तर ती जपानची गावठी कोंबडी समजा. जपानच्या कृषी मानकानुसार या नावाने विकायच्या कोंबडीत देशी वाणाचं रक्त किमान ५० टक्के हवं, ती किमान ७५ दिवस वाढवलेली हवी आणि २८ व्या दिवसापासून पुढे मोकळ्या जमिनीवर, दर चौरस मीटरला १० पेक्षा जास्त पक्षी न ठेवता पाळलेली हवी. आकिताची हिनाई, आइची प्रांतातली नागोया कोचिन आणि कागोशिमाची सात्सुमा ही नावं मेन्यूवर दिसतील. मांस चिवट लागतं, चव जास्त असते. 'कच्चं राहिलंय' किंवा 'नीट भाजलं नाही' अशी तक्रार लोक करतात ती बरेचदा या चिवटपणाची असते. मऊ, लुसलुशीत कोंबडी आवडत असेल तर जिदोरीसाठी जादा पैसे मोजू नका.

## टप्पा २: दुकान निवडा, पण आधी प्राणी कोणता ते बघा

हा टप्पा आपल्याकडच्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सगळ्यात दुर्लक्षित.

याकितोरी म्हटलं की कोंबडीच, असं जपानभर नाही. होक्काइदोमधल्या मुरोरान शहरात याकितोरी या नावाने डुकराचं मांस कांद्यासोबत काडीला लावून मोहरीच्या चटणीसह देतात. तोक्योजवळच्या साइतामा प्रांतातल्या हिगाशिमात्सुयामात डुकराच्या गालाचं मांस मिसोच्या तिखट चटणीसोबत मिळतं, तेही याकितोरी म्हणूनच. फुकुओकाच्या दुकानांत कोंबडी असते, पण 'बुताबारा', म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस, हीसुद्धा तिथली नेहमीची काडी आहे. आणि कुठल्याही शहरात 'याकितोन' अशी पाटी दिसली तर ते डुकराचंच दुकान. शेवटचं एक अक्षर चुकीचं वाचलं की सगळंच चुकलं.

दुकान कोंबडीचं असलं तरी डुकराचं किंवा गाईचं मांस ट्रेमध्ये पुढच्या वाटांनी शिरतं:

- सूप साधं मिसोचं आहे की 'तोनजिरू'? तोनजिरू म्हणजे भाज्या आणि डुकराच्या मांसाचं सूप. थंडीत ते साध्या मिसो सूपच्या जागी येतं.
- छोट्या वाटीतली बटाट्याची भाजी 'निकुजागा' असेल तर तिच्यात गाईचं किंवा डुकराचं मांस असतं. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅमचे तुकडे असतात.
- काडीवरचं टोमॅटो किंवा शतावरी बेकनमध्ये गुंडाळलेली असू शकते.
- त्सुकुने, म्हणजे खिम्याचे गोळे, बहुधा निव्वळ कोंबडीचे असतात. क्वचित डुकराचा खिमा मिसळतात.

साधं मिसो सूपही शाकाहारी नसतं. त्याचं पाणी बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचं असतं. मासे चालतात त्यांना काही अडचण नाही, पण सोबतची शाकाहारी व्यक्ती 'मी फक्त सूप-भात खाईन' म्हणत असेल तर तिला आधीच सांगा.

मद्याचा अंशही चालत नसेल तर तारे टाळा. त्यात पडणाऱ्या खऱ्या मिरिनमध्ये साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं, आणि आटवताना ते सगळंच्या सगळं उडून जात नाही. मीठ लावलेली काडी त्यातल्या त्यात बरी, पण काही ठिकाणी भाजताना तिच्यावरही साके शिंपडतात. शेगडी आणि जाळी सगळ्यांना एकच असते, त्यामुळे काटेकोर हलाल पाळणाऱ्यांनी तसं प्रमाणपत्र असलेलंच दुकान शोधावं. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनीही तारे टाळावा: सोया सॉसमध्ये गहू असतो.

आता दिवस. तोक्योतल्या शिम्बाशी, कांदा, मारुनोउची अशा कचेऱ्यांच्या भागांतली बरीच दुकानं शनिवार-रविवारी बंद असतात, किंवा उघडी असली तरी दुपारचं जेवण देत नाहीत. ऑगस्टच्या मध्यात ओबोनच्या, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या, सुट्टीत आणि २९-३० डिसेंबर ते ३ जानेवारी या काळात छोट्या दुकानांचं काही खरं नसतं.

मुलं सोबत असतील तर धूम्रपानाची पाटी बघा. एप्रिल २०२० पासून जपानमध्ये उपाहारगृहांत आत सिगारेट ओढायला सरसकट बंदी आहे, पण आधीपासून चालू असलेल्या छोट्या दुकानांना सवलत मिळाली आहे. अशा दुकानाच्या दारावर तसं चिन्ह लावावं लागतं, आणि ओढायला परवानगी असलेल्या जागेत २० वर्षांखालच्या कुणालाही प्रवेश नाही, आईवडील बरोबर असले तरी नाही.

> निघण्याआधी खात्री करा: दुपारचं जेवण देतात का, कुठल्या वारी, शेवटची ऑर्डर किती वाजता, आणि कार्ड चालतं का. नकाशावर दुकान 'उघडं' दिसणं म्हणजे स्वयंपाकघर चालू असणं नव्हे.

## टप्पा ३: सोबत काय घ्यायचं, काय मागे ठेवायचं

रोख पैसे. जुन्या दुकानांत अजूनही फक्त रोख चालते. माणशी दोन हजार येन सुट्यात ठेवा, म्हणजे हजाराच्या नोटा आणि शंभराची नाणी. दारात तिकिटाचं यंत्र असेल तर दहा हजाराची नोट ते बहुधा घेत नाही. शिवाय जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, त्या न ओळखणारी जुनी यंत्रं अजून आहेत. नोट परत बाहेर आली की यंत्राला दोष देत बसू नका, जुनी नोट किंवा नाणी टाका.

सामान. मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवून या. दहा-बारा खुर्च्यांच्या दुकानात सूटकेस ठेवायला जागाच नसते आणि मालक दारातूनच हात जोडतो.

पायमोजे. तातामी, म्हणजे गवती चटयांची बैठक असेल तर बूट काढावे लागतात. भोक नसलेले, स्वच्छ मोजे घाला. अनवाणी सँडलमध्ये आला असाल तर एक जोड खिशात ठेवा.

कपडे. शेगडीपाशी बसणार असाल तर चांगला लोकरी कोट नको. बिनचोतान हा कठीण लाकडाचा कोळसा स्वतः फारसा धूर करत नाही, पण कोंबडीची चरबी त्यावर टपकली की जो धूर होतो तो कपड्यांत दिवसभर राहतो. दाट अत्तरही टाळा, काउंटरवर शेजारी दीड फुटावर बसलेला असतो.

## टप्पा ४: वेळ साधा आणि रांगेत नीट उभे राहा

दुपारची वेळ साधारण ११:३० ते २, शेवटची ऑर्डर १:३० च्या आसपास. बारा ते एक कचेरीतल्या लोकांची झुंबड असते आणि त्यांनाही तासाभरात परतायचं असतं. तुमच्यासाठी सोयीच्या वेळा दोनच. एक, उघडायच्या दहा मिनिटं आधी जाऊन उभं राहणं. दुसरी, एक ते सव्वा, पण त्यात मोजकी ताटं संपलेली असण्याचा धोका आहे. 'दिवसाला अमुकच ताटं' असं लिहिणारी दुकानं ती संपली की खरंच हात वर करतात.

दुकान चालू आहे का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे दारावरचा 'नोरेन', कापडी पडदा. बाहेर लटकत असेल तर चालू. आत घेतलेला असेल तर दिवे लागलेले असोत, माणसं दिसत असोत, दुकान बंद आहे. आत डोकावून 'चालू आहे का?' विचारायची गरज नाही.

रांगेत संपूर्ण जथा हजर हवा. 'एकजण थांबतो, बाकीचे दुकानं बघून येतो' हे तिथे चालत नाही. नंबर आला आणि माणसं कमी असली तर मागच्याला आत घेतात. दारात कागद-पेन ठेवलेलं असेल तर नाव आणि माणसांची संख्या लिहायची असते, मग तुमचं नाव पुकारतात. छोटं नाव लिहा. जपानीत 'ल' नाही, तेव्हा पाटलांनी 'पातिरु-सामा' (सामा म्हणजे आपलं 'श्री') अशा हाकेकडे कान ठेवावा. कुलकर्णी-देशपांड्यांनी सरळ पहिलं नाव लिहावं.

चारपेक्षा जास्त माणसं असाल तर दोन गटांत बसायची तयारी ठेवा आणि तसं आधीच सांगा. एकत्रच बसू असा हट्ट धरला तर अर्धा तास जास्त उभं राहाल.

> सावध: रांगेत असतानाच तुम्हाला मेन्यू दाखवून ऑर्डर विचारू शकतात, म्हणजे बसेपर्यंत ताट तयार. म्हणून दारात पोचण्याआधी काय घ्यायचं ते ठरलेलं हवं.

## टप्पा ५: आत शिरणं आणि बसणं

दार सरकतं असतं, ढकलू नका. आत गेल्यावर तिथेच थांबा, बोटांनी माणसं दाखवा: एकासाठी 'हितोरी', दोघांसाठी 'फुतारी', तिघांसाठी 'सान-निन'. रिकामी खुर्ची दिसली म्हणून जाऊन बसू नका.

बूट काढायची जागा जमिनीच्या पातळीवर असते आणि बैठक एक पायरी वर. बूट खाली काढा आणि पाय थेट वर ठेवा. मोजे घातलेला पाय खालच्या फरशीला लागता कामा नये, कारण तोच पाय तातामीवर जाणार असतो. बूट कपाटात ठेवून लाकडी किल्ली घ्या, कपाट नसेल तर बुटांची टोकं दाराकडे वळवून ठेवा. चपला घालून तातामीवर पाऊल टाकायचं नाही. संडासाच्या दारात वेगळ्या चपला असतात, त्या तिथेच घालून तिथेच सोडायच्या. त्या पायात तशाच घेऊन जेवणाच्या बैठकीत परतणं ही परदेशी पाहुण्यांची जुनी खोड आहे.

बैठकीत गुडघे दुमडून बसायलाच हवं असं नाही. पुरुषांनी मांडी घातली तर चालतं, आणि हे आपल्याला जड नाही. बायका पाय एका बाजूला घेऊन बसतात. गादीवर पाय देऊन उभं राहू नका. टेबलाखाली खड्डा असेल तर पाय त्यात सोडा.

काउंटरवर बसलात तर बॅग पायाशी टोपलीत किंवा टेबलाखालच्या हुकाला लावा, शेजारच्या खुर्चीवर नाही. समोर शेगडी असते आणि भाजणारा माणूस मान वर न करता काम करत असतो. फोटो काढायचा असेल तर ताटाचा काढा, त्याचा आणि शेजारच्यांचा विचारूनच.

ओला टॉवेल मिळेल, तो हातांसाठी. तोंड, मान पुसू नका. जेवणानंतर हात धुवायला बेसिन शोधू नका, आणि चूळ भरणं तर नकोच.

## टप्पा ६: ऑर्डर

प्रत्येकाने निदान एक ताट घ्यावं अशी अपेक्षा असते. 'दोघांत एक घेऊ, वाटून खाऊ' दुपारी करू नका. पाणी किंवा चहा फुकट येतो, दारू मागवायची सक्ती नसते.

दारात तिकिटाचं यंत्र असेल तर क्रम असा: आधी पैसे टाका, मग बटण दाबा, सुटे पैसे परत घ्यायला खटका दाबा, तिकीट घेऊन जागेवर बसा आणि ते टेबलावर ठेवा. बटणावर लाल अक्षरं उजळली असतील तर तो पदार्थ संपला.

लागणारी वाक्यं फोनमध्ये देवनागरीत उतरवून घ्या:

- 'बुतानिकु वा हाइत्ते इमासु का?' : यात डुकराचं मांस आहे का? (गाईसाठी 'ग्यूनिकु')
- 'शिओ दे' : मिठाचं द्या. 'तारे दे' : तारे लावून द्या.
- 'गोहान सुकुनामे दे' : भात कमी द्या.
- 'योकु याइते कुदासाइ' : नीट भाजून द्या.
- 'तामागो नुकि दे' : अंडं नको.

मांसाबद्दलचा प्रश्न एकाच वाक्यात संपवा आणि ट्रेमधल्या प्रत्येक गोष्टीबद्दल विचारायचं असेल तर फोटोवर बोट ठेवा. 'थोडं तिखट करून द्या', 'कांदा-लिंबू आणा' या मागण्यांना तिथे जागा नाही. तारे एकाच भांड्यात असतो, तो माणशी बदलत नाहीत.

भात कमी सांगण्याची लाज बाळगू नका. उलट ताटात उरलेला भात वाईट दिसतो, आणि उरलेलं बांधून देण्याची पद्धत नाही. जास्त लागत असेल तर 'ओमोरी' म्हणा, बऱ्याच ठिकाणी दुपारी ते फुकट असतं. भात पुन्हा घ्यायची मुभा असते तीही बहुधा तेइशोकुमध्ये, याकितोरी-दोनमध्ये नाही.

कुठला तुकडा कसा लागतो

तेइशोकुमधल्या काड्या ठरलेल्या असतात, पण 'शिओ की तारे' एवढं विचारतात. न कळल्यास दोन्ही मिसळ मागा.

'मोमो' म्हणजे मांडी, 'नेगिमा' म्हणजे मांडी आणि मध्ये जाड पातीचा कांदा. नवख्याने इथून सुरुवात करावी. 'सासामी' छातीचा आतला मऊ भाग, 'तेबासाकी' पंख, 'सेसेरी' मान: कमी मांस, पण चव उत्तम. 'कावा' कातडी आणि 'बोनजिरी' शेपटाकडचा तुकडा, दोन्ही तुपकट. कलेजी-पेठा खाणाऱ्यांना 'रेबा' आणि 'सुनागिमो' घरचेच वाटतील. 'हात्सु' म्हणजे हृदय, 'नानकोत्सु' म्हणजे कुरकुरीत कूर्चा.

चरबी कमी असलेल्या आणि कोवळ्या भागांना मीठ, कलेजी आणि खिम्याच्या गोळ्यांना तारे, हा साधा नियम. कलेजीचा उग्र वास तारे झाकतो. सासामीवर तारे घातला तर मांसाची चवच लागत नाही.

> सावध, हे मनावर घ्या: 'तोरिसाशी' म्हणजे कच्ची कोंबडी, 'तोरि-तातकी' म्हणजे वरून चटका दिलेली आणि आत कच्ची. 'सासामी-वासाबी' काडीही बरेच जण मुद्दाम आत गुलाबी ठेवतात. कोंबडीच्या मांसात कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असतात, आणि तुकडा ताजा आहे म्हणून ते नसतात असं नाही. जपानचं आरोग्य खातं मध्यभागी ७५ अंश सेल्सिअसला किमान एक मिनिट तापवायला सांगतं. उलट्या-जुलाब लगेच होत नाहीत, दोन ते पाच दिवसांनी होतात, म्हणजे परतीच्या विमानात. आत पारदर्शक, ओलसर गुलाबी दिसलं तर बोट दाखवून 'योकु याइते कुदासाइ' म्हणा. ते राग मानत नाहीत.

कच्च्या अंड्याचं तेवढं नाही. जपानमध्ये अंड्यावरची तारीख ती कच्ची खाण्याच्या हिशोबाने दिलेली असते, आणि खिम्याच्या गोळ्यासोबत कच्चा बलक येणं नेहमीचं. तरी गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांनी नको म्हणावं.

## टप्पा ७: खाण्याचा क्रम

ट्रे आला की जागा बदलू नका. भात डावीकडे पुढे, सूप उजवीकडे पुढे, कोंबडी मागे, लोणचं मध्ये. ही मांडणी उजव्या हाताने चॉपस्टिक्स आणि डाव्या हाताने भाताचा वाडगा उचलण्याच्या सोयीची आहे. लाकडी चॉपस्टिक्स मांडीवर आडव्या धरून वर-खाली ओढून सुट्या करा. एकमेकींवर घासू नका, तो दुकानदाराच्या मालाला नावं ठेवण्याचा प्रकार समजतात.

पहिला घोट सूपचा. चॉपस्टिक्सची टोकं ओली झाली की भात चिकटत नाही. वाडगा तोंडाला लावून प्यायचं, चमचा मागू नका.

मग लगेच कोंबडी. लगेच म्हणजे फोटो काढून, व्हॉट्सॲपला पाठवून मग नव्हे. निखाऱ्यावरून उतरल्यावर कातडीतली चरबी पातळ असते तोवर ती कुरकुरीत लागते. पाच-सात मिनिटांत ती थिजते, कातडी रबरासारखी होते आणि तारे चिकट होतो. दुपारच्या याकितोरीबद्दल 'काही विशेष नाही' असं म्हणणाऱ्यांनी ती बहुधा गार खाल्लेली असते.

काड्यांत आधी मिठाच्या, मग तारेच्या. आधी हलक्या, मग तुपकट. उलट केलं तर गोड रसानंतर मीठ लावलेला तुकडा अळणी वाटतो.

काडी हातात आडवी धरा आणि टोकाचे पहिले दोन तुकडे दातांनी ओढून खा. मुठीकडचे तुकडे दातांना पोचत नाहीत, तेव्हा ते चॉपस्टिक्सने टोकाकडे सरकवा आणि मग खा. काडी उभी धरून घशाकडे नेऊ नका, टोक टोचतं. सगळे तुकडे आधी ताटात काढून घेणं टाळा. काढताना रस सांडतो, तुकडे लवकर निवतात, आणि ज्याने वरचा तुकडा मोठा व खालचा लहान असा विचार करून काडी भरली त्याची मेहनत वाया जाते. लहान मुलांसाठी मात्र खुशाल काढून द्या.

मसाले बेताने. तारेवर 'सान्शो' किंवा 'शिचिमी' (सात मसाल्यांची तिखट पूड), मिठाच्या काडीवर लिंबू किंवा 'युझु-कोशो' (युझु या लिंबाची साल आणि मिरची वाटून केलेला ठेचा). सान्शोला आपल्या तिरफळासारखी झिणझिणी असते, कोकणातल्यांना ती लगेच ओळखू येईल. डबी एकदा-दोनदा हलवा आणि चव बघा. युझु-कोशो खारट आणि तिखट दोन्ही असतो, वाटाण्याएवढा पुरे.

याकितोरी-दोन किंवा याकितोरी-जू खाताना भात कालवू नका. एका कडेने खोल जा: वरची कोंबडी, खालचा रस लागलेला भात, एकाच घासात. सगळा रस वर नसतो, खाली मुरलेला असतो. कालवलं की भाताचा चिखल होतो आणि चॉपस्टिक्सने उचलता येत नाही. पांढऱ्या भातावर सोया सॉस ओतू नका.

चॉपस्टिक्स भातात उभ्या रोवू नका आणि चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये तुकडा देऊ नका. दोन्ही गोष्टी तिथे मर्तिकाशी जोडलेल्या आहेत. सोबत्याला चव द्यायची तर छोट्या बशीत ठेवून बशी सरकवा.

रिकाम्या काड्या टेबलावरच्या बांबूच्या नळकांड्यात टाका. नळकांडं नसेल तर ताटाच्या कडेला ओळीने ठेवा, टोकं आपल्याकडे नाहीत अशी.

> तपासून बघा: अर्धं जेवण झालं तेव्हा अर्धी कोंबडी उरली आहे का? बरेच जण काड्या पटापट संपवतात आणि शेवटी कोरडा भात गिळत बसतात. लोणचं आणि सूपचा शेवटचा घोट यासाठीच राखा.

## टप्पा ८: बिल आणि निघणं

तीस-चाळीस मिनिटांत जेवण आटपतं, आणि बाहेर रांग असेल तर गप्पा दुकानाबाहेर करा. टेबलावरची चिठ्ठी उचलून दारापाशी गल्ल्यावर जा. चिठ्ठी नसेल तर 'ओकाइकेइ ओनेगाइ शिमासु' म्हणा. पैसे हातात न देता छोट्या ट्रेमध्ये ठेवा, सुटेही त्यातच परत येतात. कर धरूनची किंमत मेन्यूवर असते. बसून खाल्लं तर कर १० टक्के, बांधून नेलं तर ८, म्हणून त्याच डब्याच्या दोन किमती दिसल्या तर गोंधळू नका. माणशी वेगळं बिल गर्दीच्या वेळी मागू नका, एकाने भरा आणि बाहेर हिशोब करा.

टिप ठेवायची नाही. ठेवलीत तर 'पैसे विसरलात' म्हणून कुणीतरी रस्त्यात धावत येईल. निघताना भाजणाऱ्याकडे बघून 'गोचिसोसामा देशिता' (जेवणाबद्दल आभार) म्हणा, आणि छत्री दारातल्या स्टँडमधून घ्यायला विसरू नका. पावसाळ्यात तिथे सगळ्यांच्याच पारदर्शक प्लास्टिकच्या छत्र्या असतात, तेव्हा येतानाच मुठीला रबर किंवा दोरा बांधून ठेवा.